नळीसकट हुरड्याला

मंडईच्या तोंडाशी एका बाईनं पाटी उतरवली, ओलं फडकं बाजूला केलं आणि शाळू ज्वारीची हिरवीगार कणसं उघड्यावर आली. माझ्या खांद्याला अडकवलेलं यंत्र तेवढ्यात फुस्स करून गेलं. दर श्वासाला ते तसं करतंच. पण मला आपलं वाटलं, त्यालाही वास आला. कोवळ्या कणसाचा वास कसा असतो सांगू? वासरू आईला पिऊन नुकतंच बाजूला झालं की त्याच्या तोंडाला जो येतो, तो.

"आज्जी, ह्ये काय अडकवलंय वो?" बाईनं माझ्या नाकातल्या नळीकडं बघत विचारलं.

"वारा आहे. विकतचा."

"आता वारंबी इकत?"

"अगं, कणसं तरी पूर्वी कोण विकत होतं?"

ती खळखळून हसली आणि एक कणीस वर घातलं. शेजारी उभी असलेली माझी सून मात्र कानाशी कुजबुजली, "आई, लोक बघतायत."

बघू देत की. त्याला काय तिकीट आहे? पण सुनेवर रागवायचा मला हक्क नाही. "लोक बघतायत" हे वाक्य मी तिच्याहून जास्त वेळा म्हटलेलं आहे. एका अख्ख्या हिवाळ्यात मी दुसरं काही बोललेच नव्हते म्हणा ना. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो हिवाळा. शाळू पुन्हा रानात उभा राहिला तो. दर पौषात हा वास आला की मी त्या हिवाळ्यात जाऊन येते. येताना चपलेला काळी माती लागलेली नसते, एवढाच काय तो फरक.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुना होते. सांगलीची, मॅट्रिक झालेली, नुकतीच अंबाडा घालायला शिकलेली. अंबाड्यासारखीच अक्कलही आकडे टोचून डोक्यावर बसवलेली; जरा मान हलली की सुटायची. लग्न होऊन साताऱ्याला आले होते. हे सरकारी कचेरीत, भाड्याच्या दोन खोल्या, आणि तिसरं माणूस म्हणजे आत्याबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. हौसाबाई त्यांचं नाव. कवठे महांकाळकडच्या माळावर त्यांचं माहेर आणि तिथून हाकेच्या अंतरावर सासर. सासरे लवकर गेले. बाईनं एकटीनं घर ओढलं, लेकाला शिकवलं आणि मग दम लागायला लागला म्हणून लेकाकडं आल्या.

डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "आजी, विडी ओढता का?"

"इडी न्हाई वो डाक्टर. चूल वडली. उभा जन्म."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनीच खटपट करून ऑक्सिजनची सोय करून दिली. एक माणसाएवढी टाकी घरात कोपऱ्यात उभी राहिली, आणि बाहेर जाण्यायेण्यासाठी दोन छोट्या. अंग काळं, खांदा पांढरा. त्यावर एक घड्याळासारखी तबकडी, पाण्याची बाटली, तिच्यात बुडबुडे, आणि बाटलीतून निघून थेट आत्याबाईंच्या नाकात गेलेली रबरी नळी. डॉक्टरांनी नियम घालून दिला. नळी सुरू असताना जवळपास चूल नको, दिवा नको, उदबत्ती नको, विडी नको. हा वायू आपण जळत नाही, पण जळणाऱ्याला असा चेव आणतो की ठिणगीची ज्वाळा व्हायला पापणी लवायचा अवकाश. आणि तेलातुपाचा हात तोटीला लावायचा नाही.

आत्याबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि छोट्या टाक्यांची नावं ठेवली, सर्जा आणि राजा. "बैलजोडीच हाय की. येक वडंल, येक इसावा घील."

आम्हाला वाटलं होतं, नळी लागली म्हणजे बाई आता खाटेवर पडून राहणार. झालं उलटंच. जन्मभर जिनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं ते पाण्याला आणि रानाला, तिला नळी लागल्यावर पाय फुटले! कोपऱ्यापर्यंत गेलं तरी धाप लागत नाही हे एकदा कळलं मात्र, मग कोपऱ्यापुढचा कोपरा, त्याच्यापुढचं देऊळ, मग राजवाडा. रोज संध्याकाळी पदर खोचून तयार. "चल गं पोरी, सर्जाला जूप."

सर्जाला जुंपायचं म्हणजे बाबागाडीत घालायचं. टाकी उचलून कोण चालणार? म्हणून ह्यांनी एका साहेबांच्या घरची जुनी बाबागाडी मागून आणली. त्या गाडीत टाकी आडवी, तिच्या पुढं आत्याबाई नळी धरून चालतायत आणि मागून मी ढकलतेय, अशी आमची मिरवणूक. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लोक बघतायत! म्हणून मी शक्कल लढवली, टाकीवर एक दुपटं पांघरलं. छान झालर लावलेलं. आता कुणाला काही कळणार नाही, असं त्या मॅट्रिकच्या डोक्याला वाटलं.

पहिल्याच दिवशी शेजारच्या काकी आडव्या आल्या. त्यांनी बाबागाडी बघितली, दुपटं बघितलं, माझं पोट बघितलं. "अगो, कळवलंसुद्धा नाहीस! केव्हा झालं?" आणि मी तोंड उघडायच्या आत दुपटं वर उचललं.

मी डोळे मिटून घेतले. आत्याबाई मात्र गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "नातू हाय. सर्जा नाव ठिवलंय. रंगानं जरा काळा हाय, पन बापावर गेलाय."

काकींनी दुपटं खाली टाकलं, आणि पदर तोंडाला लावून त्या अशा हसल्या की त्यांच्याच घरातली माणसं बाहेर आली. संध्याकाळपर्यंत सगळी आळी सर्जाला बघून गेली. दुसऱ्या दिवशी मी दुपटं घालायला गेले तर आत्याबाईंनी माझा हात धरला. "काढ त्ये. लपवलं की लोक वाकून बगत्यात. उघडं ठिवलं की येकदाच बगत्यात."

हे वाक्य मी आता सुनेला ऐकवते. तिला ते माझंच वाटतं. वाटू दे.

तर अशा फिरत्या बाईच्या कानावर हुरडा पडला. गावाकडचे एक निवृत्त हवालदार पेन्शनच्या कामाला साताऱ्याला आले होते, चहाला आमच्याकडं टेकले. बोलता बोलता म्हणाले, "आत्ती, यंदा शाळू माणसाच्या डोक्यावर गेलाय. तात्याचं रान तर बगत ऱ्हावं. दूध भरलंय कणसात." तात्या म्हणजे आत्याबाईंचे थोरले भाऊ, ह्यांचे मामा.

हवालदार गेले. आत्याबाईंनी नाकातली नळी नीट बसवली. बाटलीतले बुडबुडे तेवढे ऐकू येत होते. मग म्हणाल्या, "मला माझ्या भावाच्या रानात जायचंय. आगटीवरनं काढलेला हुरडा गरम गरम खायाचाय."

"आई, आगटी म्हणजे धूर," हे म्हणाले. "आणि आग. विसरलीस का?"

"मी लांब बसंन."

"लांब बसलीस तर गरम कसा मिळंल?"

"त्ये तितं बगू."

ज्यांनी हुरडा खाल्ला नाही त्यांना ही भानगड कळायची नाही. रानात खड्डा करायचा, गोवऱ्यांचा विस्तव फुलवायचा, त्यात कणसं खुपसायची. ही आगटी. भाजलेलं कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि तसाच तोंडात टाकायचा. गार झाला की तो हुरडा राहत नाही. भिजवून ठेवलेली ज्वारी आणि तो, दोघं भाऊ. आणि ह्याच गरम घासात आत्याबाईंचं सगळं अडकलेलं होतं. त्या रात्रंदिवस काही मागणाऱ्या बाई नव्हत्या. पण त्या दिवशी लेकाला म्हणाल्या, "सासरी आगटीम्होरं बसून समद्या गावाला भाजून घातलं. पावनं उठलं, गडीमानसं उठली, पोरं उठली, मग हातावर काय ऱ्हायलं? गार. आन मग दोन सालं शाळूच न्हाई आला. आता आलाय, तर माझ्या छातीत भाता न्हाई. पुढल्या सालाचं पुढल्या साली. येक मूठ पायजे. गरम. दुसऱ्यानं भाजल्याली."

ह्यांनी नाही म्हटलं. आत्याबाईंनी वाद घातला नाही. नऊवारी नेसल्या, पत्र्याच्या ट्रंकेवर दाराशी बसल्या आणि नळी नाकात घालून रस्त्याकडं बघत राहिल्या. जेवायला उठल्या, पुन्हा ट्रंकेवर. शेवटी हे डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर म्हणाले, "न्या की. घरात बसून कोण बरं झालंय? विस्तवापासून लांब ठेवा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवा, आणि दोन्ही टाक्या भरलेल्या असू द्या."

आता माझ्या पिशवीत राखीव बॅटरी असते. नातू ती मोटारीतच भरून देतो. विमानानंसुद्धा जाऊन आले मी. एक पोरगी गोड हसून नळीचं विचारते आणि खिडकीची जागा देते. सोयीचं आहे सगळं, नाही म्हणत नाही. पण सर्जा-राजाला घेऊन यष्टीत चढण्याची जी नशा होती, ती ह्या फुसफुसणाऱ्या डबीत नाही.

कंडक्टरनं दारातच अडवलं. "ह्ये काय? ग्यास? उतरवा खाली."

हे समजावायला लागले. मी पदराआड. आत्याबाई पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "आरं लेकरा, ग्यास न्हवं, वारं हाय. तुझ्या गाडीत वारं आसतं तर घरनं कशाला आणलं आसतं?"

गाडी हसली. कंडक्टरही. "लगेज पडंल आज्जी. टपावर टाका."

"टाक की. पन मग मलाबी टपावर टाक. नळी येवढीच लांब हाय."

जागा मिळाली. सर्जा पायाशी, राजा ह्यांच्या मांडीवर. गाडी हलली तशा आत्याबाई उभ्या राहिल्या, दांडा धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाबानूं, माझं येक ऐका. कुनी इडी शिलगावली तर समदी संगं वर जाऊ. तिकिटाबिगर."

मी सीटखाली जायची बाकी राहिले होते. सासूनं भर गाडीत भाषण केलं! पण काय चमत्कार. पेटवायला काढलेली विडी एकानं कानावर ठेवली, दुसऱ्यानं टोपीत. एक पटकेवाला म्हातारा न पेटवलेली विडी चघळत बसला. ड्रायव्हरनं आरशातून एकदा मागं बघितलं आणि हातातली काडेपेटी खिशात घातली. सातारा ते कराड तुमच्या त्या यष्टीत स्वच्छ हवा होती, यावर कोण विश्वास ठेवणार? कराडला गाडी थांबली आणि सगळे पुरुष धडाधड उतरून स्टँडच्या भिंतीला ओळीनं उभे राहिले. धुराचा नुसता लोट. आत्याबाई खिडकीतून बघत म्हणाल्या, "बग पोरी, गुऱ्हाळ लागलं." आणि काच ओढून घेतली. त्यांचे डोळे असे चमकत होते की मला पहिल्यांदाच जाणवलं, ही बाई सहलीला निघालीय. आजारपणाला नव्हे.

सांगलीत माझ्या माहेरी मुक्काम. सर्जा वाटेत अर्ध्याच्या वर रिकामा झाला होता. कुपवाडला कारखान्यांच्या बाजूला टाक्या भरून मिळायच्या. माझ्या भावाच्या स्कूटरवर हे पुढं आणि मी मागं, मध्ये सर्जा. आता गंमत बघा. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, पण स्कूटरवर नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायची मला लाज. त्या लोखंडाच्या टाकीला मात्र दोन्ही हातांनी कवटाळून मी सगळी सांगली पार केली. सायकलींवरून कारखान्यांना निघालेली माणसं वळून वळून बघत होती. ह्यांनी विचारलं, "नीट धरलंयस ना?" मी म्हटलं, "ह्याला धरलंय." हे म्हणाले, "मला माहीत असतं तर मी काळा रंग लावून घेतला असता."

त्यावर काय उत्तर द्यायचं हे मला आत्ता सुचतंय. पन्नास वर्षं उशीर झाला.

कवठे महांकाळला उतरलो आणि पुढं बैलगाडी. गाडीत कडबा पसरला होता, तो आधी ह्यांनी सगळा खाली ओढून काढला आणि गोधड्या घातल्या. दोन्ही बाजूंनी शाळू. असा शाळू मी आयुष्यात बघितला नव्हता. वर्षभरापूर्वी ह्याच वाटेवर, आत्याबाई म्हणाल्या, धुळीशिवाय काही नव्हतं. गावच्या बाया रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी वाहत होत्या. आता वाऱ्यानं सगळं रान एका अंगाला लवत होतं आणि पाखरांवर गोफण सुटल्याचा फटाक आवाज लांबून येत होता. आत्याबाई कणसांना हात लावत निघाल्या होत्या. प्रत्येक कणसाला. जत्रेत देवाला लावावा तसा.

आणि मग दारात तो प्रसंग.

तात्यामामांच्या घरापुढं गाडी थांबली. मामी पुढं आल्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकावर पाणी घातलं. लेक दुखण्यातून उठून माहेरी आली की तिला दारात ओवाळल्याशिवाय आत घ्यायचं नाही, हा तिकडचा शिरस्ता. मामींनी मागं हात केला. कुणीतरी ताट दिलं. ताटात तुपाचं निरांजन, पेटलेलं.

हे आणि मामा मागच्या बाजूनं राजाला उतरवून घेत होते. आत्याबाई गाडीच्या कडेला पाय सोडून बसलेल्या, नाकात नळी, सर्जा सुरू. त्यांचं सगळं लक्ष माहेरच्या दाराकडं. बघणारी मी एकटी. माझ्या डोक्यावर पदर. मोठ्या माणसांत सुनेनं तोंड उघडायचं नाही हे मला आईनं सांगून पाठवलेलं, आणि मी ते मॅट्रिकच्या उत्तरासारखं पाठ केलेलं. मी म्हटलं, "अहो." ते मलासुद्धा ऐकू आलं नाही. ताट गुडघ्यापर्यंत आलं. मी म्हटलं, "मामी." ताट आत्याबाईंच्या छातीशी आलं.

मी गाडीतून उडी मारली, मामींच्या पुढ्यात तोंड घातलं आणि फू करून निरांजन विझवलं.

पदर खांद्यावर. अंबाड्याचे आकडे मातीत. ओवाळणीचा दिवा, आणि नव्या सुनेनं फुंकून विझवलेला! एक म्हातारी "आगं बया, बया" करून तोंडावर हात मारून घेत होती. वातीतून धुराची बारीक रेघ वर चालली होती आणि मामी तिच्याकडं बघत उभ्या होत्या. गाडीच्या मागून तात्यामामांचा आवाज आला, "कुनाची सून ही?"

"माझी," आत्याबाई म्हणाल्या. "बेस केलं तिनं. दादा, ह्या नळीम्होरं दिवा आला आसता तर मी हितंच पेटली आसती." मग मामींकडं वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. "वैनी, दिवा इझला. मी न्हाई इझली. त्यातलं काय पायजे व्हतं तुला?"

मामी ताट घेऊन आत गेल्या. चूक कुणाचीच नव्हती. पण दिवा तर विझला होता. त्या दिवशी मामींनी मला जेवायला वाढलं ते माझ्याकडं न बघता; भाकरी ताटात पडायची तेव्हा आवाज व्हायचा. आणि तात्यामामांनी जाहीर करून टाकलं, "हौसाला रानात न्यायाची न्हाई. दिव्याचं ह्ये, तर आगटीचं काय? हुरडा घरात ताटात यील."

"ताटातलाच खायाचा तर सातारच्या बाजारात मिळतो की," आत्याबाई म्हणाल्या. "मी काय ताट बगायला आली?"

"आगं पन जिवाचं काय झालं तर?"

"आन न्हाई खाल्ला तर जिवाचं काय करू, लोणचं घालू?"

सकाळी अंगणात येऊन बघतो तर आत्याबाई बैलगाडीत बसलेल्या, राजा शेजारी, सर्जा पायाशी. बैल अजून गोठ्यात होते. मामांनी डोक्याला हात लावला आणि बैल आणले. बहिणीपुढं हात टेकायची तऱ्हा सगळीकडं सारखीच.

मामांनी बंदोबस्त मात्र लष्करी केला. आत्याबाईंनी बांधावरच्या बाभळीखाली बसायचं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. भोवतीचं वाळलं गवत, काड्या सगळं झाडून घेतलं. आगटी तिकडं, रानाच्या पार दुसऱ्या टोकाला. मध्ये नांगरून ठेवलेलं ढेकळांचं रान. आगटीपाशी मामा स्वतः बसले. भावकीतल्या बाया जमल्या. आणि धावायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. दिवा विझवलेली सून, तिला दुसरं काय काम द्यायचं?

पहिल्यांदा मी हुरडा चोळून घेतला, ताटलीवर ताटली झाकली आणि निघाले. ढेकळांतून चालायची सवय नाही, साडी पायात. पोचले. आत्याबाईंनी ताटलीत बोटं घातली आणि काढून घेतली. "गार. तू खा."

दुसऱ्यांदा भाजलेली कणसंच पदरात गुंडाळली आणि पळाले. अर्ध्या वाटेत ढेकळावरून पाय सरकला आणि मी शाळूच्या साक्षीनं साष्टांग दंडवत घातलं. कणसं गोळा करून, माती झटकून नेली. आत्याबाईंनी कणीस हातात घेतलं, गालाला लावून बघितलं. हसल्या. पण पहिल्यासारख्या नाही. कणीस मांडीवर ठेवलं आणि लांब आगटीच्या धुराकडं बघत बसल्या. त्या धुराच्या पलीकडं माणसं हसत होती, हात चोळत होती, फुंकर मारत होती. जन्मभर आगटीच्या कडेला बसून जिला गारच मिळालं, ती आता आगटीपासून लांब बसली होती, आणि मिळत होतं ते गारच.

ह्यांनी तबकडीकडं बघितलं. सर्जा संपला होता, राजाचा काटा खाली चालला होता, आणि सांगलीपर्यंत राजावरच जायचं होतं. "आई, निघायला पाहिजे."

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. फक्त "व्हय". जिनं यष्टीला गप्प बसवलं, कंडक्टरला हसवलं, ती बाई एका शब्दात उठायला तयार झाली. मी आगटीकडं बघितलं आणि काय करावं ते न सुचून दोन्ही हात वर करून नुसते हलवले. निरोपाला हलवतात तसे.

तिकडून मामी उभ्या राहिल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी रानाचं हे टोक बघितलं, ते टोक बघितलं. आणि मग त्यांचा आवाज आला, ढेकळांवरून उड्या मारत.

"आगं उठा की भवान्यांनू! खात काय बसलायसा? रस्त्याच्या कामावर घमेली कशी फिरवीत व्हता? लाईन धरा, लाईन!"

बाया उठल्या. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ज्या हातांनी वर्षभरापूर्वी खडीची घमेली एकीकडून दुसरीकडं पोचवली होती, ते हात आगटीपासून बाभळीपर्यंत एका रेघेत उभे राहिले. अंतर सारखं, तोंडं एकीकडं, पाय रोवलेले. सवयच ती. बाया कमी पडल्या तशी बघायला आलेली गडीमाणसंही मध्ये घुसली. मामी आगटीपासून दुसऱ्या नंबरावर. मामांनी कणीस काढलं की त्या ते दगडावर दोनदा आपटायच्या, ठिणगी राहू नये म्हणून, नीट निरखायच्या आणि मग पुढं झेलायच्या. दिव्याची गोष्ट त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळली होती.

शेवटच्या नंबरावर मी.

कणीस निघालं. ह्या हातातून त्या हातात. "भाजलं गं!" "झेल, झेल!" "आगं ठिवून घिऊ नगंस, पुढं दे!" "ये सटवे, दाणं खाल्लंस!" "न्हाई आत्ती, चिकाटलं!" हिरवट काळं ते कणीस उड्या मारत शाळूच्या कडेकडेनं येत होतं आणि त्याच्या मागोमाग दुसरं, तिसरं. माझ्या हातात पडलं तेव्हा मी किंचाळले. विस्तव होता नुसता. मी ते ह्या हातातून त्या हातात नाचवत आत्याबाईंपुढं बसले आणि चोळायला गेले, तर दाणे सुटेनात. सांगलीचे हात ते. वहीशिवाय काही चोळलेलं नाही.

तेवढ्यात माझ्या हातांवर दोन खरबरीत हात आले. मामी रांग सोडून पळत आल्या होत्या, कणसाच्या बरोबरीनंच. त्यांनी माझे तळवे आपल्या तळव्यांत धरले आणि एक फिरकी दिली. दाणे सुटले. माझ्या तोंडाकडं बघत, आदल्या दिवसानंतर पहिल्यांदाच, म्हणाल्या, "फुंक आता. फुंकायला तर तुला येतंयच की."

मी फुंकर मारली. फोलपटं उडाली. मूठभर हिरवे दाणे, वाफ निघणारे. मामींनी ते आत्याबाईंच्या हातावर ओतले.

आत्याबाईंनी मूठ मिटली. तशीच धरून बसल्या. नळीतून वारा येत होता, बाटलीत बुडबुडे. मग तोंडात टाकला. डोळे मिटले. त्यांचा जबडा हलत होता आणि आम्ही दोघी त्याकडं बघत होतो, आणि आमच्या मागं ती सगळी रांग मान वळवून बघत होती. दुसरं कणीस हातात भाजत असतानाही कुणी ते पुढं देईना.

"काय गं वन्सं?" मामींनी विचारलं. "गरम हाय का?"

आत्याबाईंनी डोळे उघडले. त्यांत पाणी. "जीभ भाजली की गं," त्या म्हणाल्या, आणि खदाखदा हसायला लागल्या.

"जीभ भाजली!" मामींनी मागं वळून आरोळी दिली. "जीभ भाजली!" पुढची बाई म्हणाली. "आत्तीची जीभ भाजली!" "भाजली, भाजली!" बोल रांगेतून परत निघाला, ज्या वाटेनं कणीस आलं त्याच वाटेनं, ढेकळांवरून, शाळूच्या कडेनं, हसत, धक्के खात, पार आगटीपर्यंत. मामा विस्तवापुढून उठून उभे राहिलेले मला लांबूनही दिसले. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढलं, तोंड पुसलं. पुन्हा खाली वाकले. थोड्या वेळानं तिकडून उत्तर निघालं. बाईगणिक मोठं होत, जवळ येत.

"तात्या इचारतोय, आनी धाडू का?"

रांग थांबली. सगळे आत्याबाईंकडं बघायला लागले. त्यांचं तोंड भरलेलं, बोलता येईना. त्यांनी नुसता हात हलवला. ह्यांनी तबकडी बघितली आणि मान डोलावली.

मग मी उभी राहिले. पदर कुठं होता कुणास ठाऊक. मामेसासरे समोर, भावकी समोर, सगळं गाव समोर. लोक बघत होते. मी दोन्ही भाजलेले हात तोंडाशी धरले आणि सांगलीच्या त्या मुलीच्या गळ्यात असेल नसेल तेवढ्या सगळ्या आवाजानं ओरडले, "धाडा!"

शाळूतली पाखरं उडाली.